येळवशीची भज्जी आता बाजारातच उगवायची का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शुक्रवारी, १९ डिसेंबरला येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, झाली. दुसऱ्या दिवशीच्या तुमच्या अंकात तिच्या दोन बातम्या होत्या. पहिली तर वाचायच्या आधीच पाठ होती. ‘वेळा अमावास्येनिमित्त लातुरात अघोषित संचारबंदी’, खाली रिकाम्या रस्त्याचा फोटो आणि फोटोत एक कुत्रं. दरसाल हाच मथळा. कुत्रं तेवढं वेगळं असतं. सगळं गाव रानात असताना त्या फोटोग्राफरला कुणी जेवायला बोलावलं की नाही, एवढीच मला काळजी वाटते.

हे पत्र दुसऱ्या बातमीबद्दल आहे. आतल्या पानावर होती, भज्जीच्या, म्हणजे येळवशीच्या मिसळभाजीच्या, तयार साहित्याला मागणी वाढल्याची. तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोले, पावटा, वाटाणा, गाजराच्या फोडी, थोडी मेथी, कांद्याची पात, वर चिंचेचा गोळा आणि चार बोरं, सगळं निवडून-सोलून एकाच पिशवीत मिळतं. बातमीदारांनी शेवटी लिहिलंय, ‘यामुळे गृहिणींची मोठी सोय झाली आहे.’

सोय झाली, खोटं कशाला बोलू? लातुरात फ्लॅटमध्ये राहून सकाळी साडेनऊला हापिसात हजर होणाऱ्या बाईने रात्रभर शेंगा सोलत बसावं असं मी म्हणणार नाही. तिला रान नाही, ती कुणाच्या तरी रानात जाणार, सोबत भज्जीचा डबा नेणार, छान आहे. पण येळवशीच्या आदल्या दिवशी मी औशाच्या बाजारात गेले होते, तर त्या पिशव्यांच्या ढिगापुढे आमच्याच गावच्या बायका उभ्या होत्या. कुणाला सात एकर, कुणाला अकरा. एकीची तर विहीर बारमाही. मी म्हटलं, “अगं, तुझ्या रानात पावटा नाही?” ती म्हणाली, “काकू, आमच्या रानात सोयाबीन होतं, आता हरभरा हाय. पावटा कोण लावतंय?” खरं तर मीही गाजरं आणि बोरं घ्यायलाच तिथं आले होते. गाजर आमच्याकडेही नाही, आणि बांधावरची बोर रस्ता रुंद करताना गेली.

तुमचा पेपर पुण्या-नाशकातही जातो, म्हणून थोडं सांगते. आमच्याकडच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे येळवस, पंचांगात तिला दर्श वेळा अमावास्या म्हणतात. लातूर आणि धाराशिव हे दोन जिल्हे, नांदेडचा काही भाग, आणि पलीकडे बिदर, कलबुर्गी. निजामाच्या राज्यात हा सगळा मुलूख एकच होता, त्यामुळे मराठी-कानडी असा भेद या सणाने कधी केला नाही. घरातली देवपूजा त्या दिवशी रानात जाते. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात, तिचं तोंड उगवतीला. आत पाच दगड मांडायचे, त्यांना चुना आणि काव लावायची. ते पाच पांडव. शेजारी लक्ष्मी, तिची खणा-नारळाने ओटी. नैवेद्याला भज्जी, आंबील, सजगुऱ्याचे (बाजरीचे) उंडे, गव्हाची खीर, आंबट भात, शेंगाच्या पोळ्या, धपाटे. पूजा झाली की चर शिंपायचा. म्हणजे एकाने आंबिलाचा तांब्या घेऊन डहाळीने पिकावर शिंपडत रानाला फेरी घालायची, आणि मागच्यांनी ‘ओलगे ओलगे सालम पलगे’ असा पुकारा करायचा. पुढच्या गावात हेच बोल जरा निराळे ऐकू येतील. मग पंगत. वाटेने जाणारा अनोळखी असला तरी त्याला हाक मारून बसवायचं. संध्याकाळी दूध उतू घालतात, कोणत्या बाजूला उतू गेलं त्यावर म्हातारी माणसं पुढच्या पावसाचा अंदाज बांधतात. दिवस मावळला की पोरं हेंडगा, म्हणजे पलिता, पेटवून रानातून पळतात.

वर्तमानपत्रात येतं ते एवढंच. आदल्या रात्रीचं येत नाही.

आंबिलापासून सांगते. आदल्या दिवशी दुपारीच ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवायचं. ताक शिळं, आंबट पाहिजे. ताज्या ताकाचं आंबील नुसतं पांढरं पाणी होतं. रात्री ते शिजवायला घ्यायचं तेव्हा एक बाई हलवायला आणि एक बाई ओतायला, नाहीतर गुठळ्या. गार झालं की पुन्हा ताक, वाटलेला लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर. मग ते मडक्यात भरायचं. मडकं दोन दिवस आधी पाण्यात भिजवून ठेवलेलं असतं, बाहेरून चुन्याचे पट्टे आणि कावेचे ठिपके काढलेले असतात. हेच बिंदगं दुसऱ्या दिवशी डोक्यावरून रानात जातं. स्टीलच्या कॅनमधलं आंबील मी प्यायले आहे. आंबटपणा येतो, पण गारवा येत नाही.

भज्जी रात्री दोन-अडीचला चुलीवर चढते. आधी शेंगदाणे, कारण ते भिजलेले असले तरी शिजायला वेळ घेतात. मग तूर आणि पावटा. तूर हिरवी पाहिजे, दाणा भरलेला पण कातडं कोवळं. मागाहून वाटाणा, हरभऱ्याचे सोले, गाजर, वांग्याच्या फोडी. बोरं अख्खी टाकायची, बिया काढत बसायचं नाही. मेथी, चुका, पात चिरून घालायची. चिंचेचा कोळ सगळं शिजल्यावरच, आधी घातला तर दाणे दडदडीत राहतात. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कोळ घालायला दुसऱ्या कुणाला हातच लावू देत नसत. शेवटी डाळीचं पीठ ताकात फेटून ओतायचं, आणि तिथून पुढे हात थांबवायचा नाही. पीठ किती, हे मोजून सांगता येत नाही. पळी उचलल्यावर भज्जी धारेने पडली तर पीठ कमी आणि गोळ्याने पडली तर जास्त. वरून लसूण-मिरचीची फोडणी. लाल तिखट नाही, काळा मसाला नाही. हल्ली हॉटेलांत येळवशी थाळी मिळते, तिच्यात मी लाल तर्री आलेली भज्जी पाहिली. ती आमटी आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते. या कढईत पडणारं सगळं एके काळी एकाच रानातून यायचं, आणि ते आपोआप यायचं नाही. ते पेरलं जायचं, आणि ते बाई पेरायची.

तरुण वाचकांनी तिफण चित्रात पाहिली असेल. पुढे बैल, मागे तिफणीवर चाडं. चाड्यावर मूठ धरायची पुरुषाने किंवा घरातल्या जाणत्या बाईने, त्यातून मुख्य पीक पेरलं जाई. पण तिफणीच्या मागे दोरीला बांधलेला एक मोघा असायचा, बांबूची पोकळ नळी आणि वर छोटं तोंड. तो हातात धरून एक बाई मागे चालायची आणि त्यात कमरेच्या ओटीतलं बी सोडत जायची. याला मोघणं म्हणतात. मुख्य पिकाच्या इतक्या तासांनंतर (ओळींनंतर) एक तास मोघ्याचा. त्यात तूर मोघायची की पावटा, मध्ये चवळी किती, कडेला अंबाडी सोडायची का, हे तिफण हाकणारा ठरवत नसे. ओटी जिची तीच ठरवी. मी लग्न होऊन आले त्या पावसाळ्यात आत्याबाईंनी मोघा माझ्या हातात दिला. मी विचारलं, “पावटा किती सोडू?” त्या म्हणाल्या, “येळवशीला किती माणसं जेवणार, तेवढा.” जूनमध्ये, मृगात, त्या बाईच्या डोक्यात डिसेंबरची पंगत होती. रब्बीत पुन्हा तसंच. ज्वारीच्या कडेने करडईचे तास, म्हणजे काट्यामुळे जनावर आत शिरत नाही आणि घरात तेल येतं. हरभऱ्याच्या बांधाला जवस, धने, मोहरी. विहिरीजवळच्या वाफ्यात गाजर, मेथी, चुका.

आज पेरणी ट्रॅक्टरवर होते. पेरणीयंत्राच्या पेटीत एक बी भरलं की एकरच्या एकर तेच. यंत्राच्या मागे कुणी चालत नाही आणि चालायचं म्हटलं तरी हातात काही नाही. आमच्याकडे सोयाबीनमध्ये तुरीचे तास अजून टाकतात, त्यासाठी पेटीत कप्पा करून घेतात, म्हणून तूर तेवढी राहिली. हरभरा तर राहिलाच आहे, कारण त्याला आडतीत भाव आहे. पण पावटा, चवळी, सजगुरा, अंबाडी यांची आडत नाही. आडत नसलेलं पीक यंत्राच्या पेटीत बसत नाही.

यात कुणाची चूक काढायची नाही. सोयाबीन साडेतीन महिन्यांत हातात पैसा देतं. पोरांची फी त्याच्यातून गेली, घराचा स्लॅब त्याच्यातून पडला. माझा थोरला मुलगा मला एकदा म्हणाला, “आई, मध्येच अंबाडी आणि सजगुरा टाकला तर तणनाशक कसं मारू? आणि हार्वेस्टर कसं घालू?” बरोबर आहे त्याचं. सोयाबीनचं तणनाशक मारलं की मधली अंबाडी, बाजरी उरत नाही. खुरपायला बाया मिळत नाहीत, आणि मिळाल्या तर त्यांची मजुरी पावट्यातून निघत नाही. ज्वारीचं तर विचारूच नका. हुरड्यात आली की पाखरं, नंतर रानडुकरं. काढणीला वाकून एकेक ताट उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, खळं करायचं. सगळं अंगमेहनतीचं. बैल विकले, म्हशी विकल्या, मग कडबा तरी कुणासाठी? पूर्वी कडब्याची बनीम किती उंच यावरून सोयरीक जमवताना घराची ऐपत बघत. आता बनीम असलेलं घर आमच्या गावात शोधावं लागतं.

त्याचा परिणाम थेट कोपीवर झालाय. परवा रानात जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत गेले. एका रानात हिरव्या शेडनेटची कोप. एका ठिकाणी मंडपवाल्याकडून आणलेलं कापड चार बांबूंना ताणलेलं. एका रानात सोयाबीनच्या भुसकटाची पोती एकावर एक रचून त्यांच्या आड पांडव बसवले होते. ते बघून मला त्या माणसाचं कौतुकच वाटलं. कडब्याच्या कोपी फार थोड्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी पाच पेंढ्या शेजारून मागून आणल्या होत्या. कडबा शेकड्याने विकत घ्यायचा माल आहे, पाच पेंढ्यांसाठी कुणी पैसे मागत नाही, पण मागायला जायचं तरी कुणाकडे? आमच्या कोपीच्या पेंढ्या शेजारच्या बांधावरच्या चाचांकडच्या. त्यांच्या घरी दोन म्हशी आहेत म्हणून ते अजून एकरभर ज्वारी पेरतात. त्यांच्या रानात येळवशीला भज्जी होते, आमच्यापेक्षा आंबट होते, आणि आमचे हे दरवर्षी त्यांच्याकडे जाऊन एक वाटी खाऊन येतात आणि घरी मात्र मान्य करत नाहीत.

एक गोष्ट या निमित्ताने लिहिली पाहिजे. ‘येळवशीला सगळे एका पंगतीत’ असं दरवर्षी छापून येतं. माझ्या लहानपणी तसं नव्हतं. रानात राबणाऱ्या काही घरांना बांधाच्या पलीकडे बसवून वाढत. अन्न तेच, पण बांध मध्ये असायचा. तो हळूहळू गेला, अजून सगळीकडून गेला असं मी म्हणणार नाही. पेंढ्यांची कोप गेल्याचं मला वाईट वाटतं; तो बांध गेल्याचं नाही. जुनं ते सगळं परत आणा असं या पत्राचं म्हणणं नाही.

माझं म्हणणं बियाण्यापुरतं आहे. पावटा एक वर्ष पेरला नाही तर पुढच्या वर्षी पेरायला तुमच्याकडे पावटाच नसतो. सोयाबीनचं बी दुकानात पिशवीत मिळतं, लाल ठिपक्याचा पावटा मिळत नाही. तो बाईने गाडग्यात राखेत घालून, तोंडाला फडकं बांधून उतरंडीत ठेवलेला असतो. माझं माहेर किल्लारीच्या पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा दगड-मातीच्या माळवदाखाली माणसं गेली, तिथं बियांचं कुणाला सुचतंय? त्या साली येळवशीला मी माहेरी गेले. घर नव्हतं, सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. पण रान जागेवर होतं. ज्यांच्यात बळ होतं त्यांनी कोप घातली, ज्यांच्या घरात काही उरलं नव्हतं ते दुसऱ्याच्या कोपीत येऊन बसले. परत निघाले तेव्हा आईने मला बाजूला घेऊन विचारलं, “तुझ्या सासूकडे पावट्याचं बी असंल का गं?” तिची उतरंड ढिगाऱ्यात गेली होती. मृगाच्या आधी आत्याबाईंनी तीन मापटी बी बांधून पाठवलं. तेच बी माझ्या भावाच्या घरात पुढे बरीच वर्षं होतं. आता नाही. भावाने रान बटईने दिलंय, बटईवाला सोयाबीन पेरतो. भूकंपाने जे कायमचं गेलं नाही, ते बटईने गेलं.

म्हणून गेल्या वर्षी मी मुलाकडे हट्ट धरला. विहिरीच्या अंगाला दोन गुंठे मला दे, तिथं तुझा ट्रॅक्टर नको, फवारा नको. एकराचे चाळीस गुंठे असतात, त्यातले दोन. सून माझ्या बाजूने बोलली, म्हणून मिळाले. चाचांच्या घरचं पावट्याचं बी घेतलं, चवळी माझी होती, सजगुरा आणि अंबाडी धाकट्या जावेच्या माहेरून आली. मोघा मिळेना, हाताने टोकलं.

पावटा झक्क आला. पण ज्वारीने मला शिकवलं. एवढीशी ज्वारी एकटीच उभी असली की सगळ्या शिवारातली पाखरं तिथंच उतरतात. पूर्वी शेकडो एकरांत वाटली जाणारी पाखरं आता एका तुकड्यावर पडली तर उरणार काय? कणसाला कणीस राहिलं नाही. मुलगा काही बोलला नाही, पण हसला. तेव्हा ज्वारी एकट्याने करायची गोष्ट नाही. बांधाला बांध लागून चार घरांनी एका बाजूला पाच-पाच गुंठे पेरली, तर पाखरं खाऊन उरेल, राखणीला आळीपाळीने जाता येईल, आणि सगळ्यांच्या कोपीचा कडबा, आंबिलाचं पीठ आणि पौषात हुरडा निघेल. आम्ही यंदा तिघींनी तसं केलंय. चौथ्या घराचं मन वळवणं चालू आहे, तिथले भाऊजी म्हणतात, “वहिनी, पाच गुंठ्यांत माझी दोन कट्टे सोयाबीन गेली.” दोन कट्टे होत नाहीत, मी हिशेब करून दाखवला.

यंदाचा सप्टेंबर आपण सगळ्यांनी पाहिला. मांजरा, तेरणा, तावरजा पात्र सोडून रानात शिरल्या. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहून कुजलं, नदीकाठची माती खरवडून गेली. आमच्या खालच्या रानातलं सगळं सोयाबीन गेलं. माझे विहिरीकडचे दोन गुंठे उंचावर आहेत म्हणून वाचले, त्यात माझी हुशारी नाही. पण शेंगा त्या दोन गुंठ्यांच्याच होत्या, आणि परवाच्या भज्जीला बाजारातून गाजर आणि बोरंच लागली. अशा साली येळवस करावी का, असंही काही घरांत बोललं गेलं. बहुतेकांनी केली. पंगतीत माणसं नुकसानभरपाईचंच बोलत होती. पण जेवली.

पोरांबद्दल एक. जिल्हाधिकारी दरवर्षी येळवशीची स्थानिक सुट्टी जाहीर करतात, त्याबद्दल आभार. पण सुट्टी शाळेला असते, क्लासला नसते. माझा नातू लातुरात अकरावीला आहे. त्याच्या क्लासने येळवशीच्याच दिवशी दुपारी चाचणी ठेवली. ‘लातूर पॅटर्न’चं नाव देशभर झालं याचा मलाही अभिमान आहे, पण जीवशास्त्राच्या चाचणीसाठी पोराला त्या दिवशी खोलीत कोंडायचं, ज्या दिवशी तुरीचं फूल, शेंग आणि घाटेअळी तिन्ही एकाच फांदीवर बघायला मिळतात? तो संध्याकाळी सहाला पोचला. हेंडग्याच्या वेळी होता, एवढं समाधान.

आता मागणं. पहिलं तुमच्याकडे. येळवशीची पुरवणी काढा, त्यात पाककृती छापा, मला आनंदच आहे. पण पाककृतीसोबत पेरणी छापा. भज्जीसाठी पावटा आणि तूर मृगात, गाजर दसऱ्याच्या सुमारास, मेथी दिवाळीनंतर, कोपीसाठी रब्बी ज्वारी हस्तात, म्हणजे चित्रा लागायच्या आत. पाककृतीच्या पहिल्या ओळीत ‘साहित्य’ असतं, ते कुठून यायचं हेही तिथंच लिहा. आणि सजावट स्पर्धेऐवजी एखादं वर्ष कोपीची स्पर्धा ठेवा, अट एकच, कडबा आपल्या शिवारातला.

दुसरं परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे. विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, १८ मेला खरिपाचा मेळावा भरतो आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, रब्बीचा. बियाण्याला सकाळपासून रांगा लागतात. तिथं सोयाबीन आणि तुरीच्या मोठ्या पिशव्यांसोबत, दोन गुंठ्यांना पुरेल एवढी छोटी पुडी ठेवता येईल का? परभणी मोती, परभणी ज्योती हे रब्बी ज्वारीचे वाण विद्यापीठाचेच आहेत. त्यासोबत पावटा, चवळी, अंबाडी, जवस, धने असं थोडं थोडं. पिशवीवर ‘येळवस’ लिहिलं तर बायका रांगेत येतील, याची खात्री देते. आजवर त्या रांगेत मी पुरुषच पाहिलेत.

तिसरं माझ्यासारख्या बायांकडे. ज्यांच्या घरात अजून गावरान पावट्याचं, पांढऱ्या चवळीचं किंवा अंबाडीचं बी आहे त्यांनी ते यंदा सगळं भाजीत घालू नये. वेलावरच्या शेवटच्या शेंगा वाळू द्याव्यात. माझ्याकडे या वर्षी लाल ठिपक्याच्या पावट्याचं दोन-अडीच किलो बी निघेल. औसा, निलंगा, उमरगा भागातल्या कुणाला हवं असेल तर ओंजळभर देईन, पैसे नकोत, पुढच्या वर्षी ओंजळभर परत करावं. संपर्क तुमच्या कार्यालयामार्फत व्हावा. नाव-पत्ता तुम्हाला कळवला आहे, तो छापू नये. मुलाला कळलं की आईने त्याचं हसणं पेपरात घातलं, तर पुढच्या वर्षीचे दोन गुंठे जायचे.

आणि हे पत्र आत्ता छापलं तर लोक वाचून विसरतील, कारण आता रानात हरभरा उभा आहे आणि पेरायला काही उरलं नाही. आत्ता जागा नसेल तर राहू द्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, परभणीच्या मेळाव्याच्या आधी छापा. ‘अघोषित संचारबंदी’ची बातमी डिसेंबरात तुम्ही छापणारच आहात.

आपली,
एक वाचक
ता. औसा, जि. लातूर